आधी उंट बांधावा



मी कविता लिहिणारा माणूस. आकाशवाणीचं बोलावणं आलं की दोन-चार कविता वाचायच्या, आई, माती, पाऊस यांच्यावर थोडं बोलायचं आणि चहा घेऊन घरी यायचं, अशी इतक्या वर्षांची सवय. या वेळी फोन आला आणि विषय सांगितला, 'वाहनचोरी आणि साधे उपाय'. मी म्हटलं, "अहो, नंबर चुकला का तुमचा? या विषयावर एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला बोलवा." पलीकडून उत्तर आलं, "अधिकारी येतात, नियम सांगतात, लोक ऐकतात आणि विसरतात. तुमची गाडी चोरीला गेली होती ना? मग तुम्हीच बोला."

तेव्हा आज मी बोलतोय तो गाडी हरवलेला माणूस म्हणून. त्या गाडीबरोबर माझ्या हातून आणखीही एक गोष्ट गेली. तीही सांगणार आहे, कारण तिच्यामुळेच कुलपाची किंमत मला कळली.

आमचं गाव सोलापूर. गोष्ट २००९ सालची. अब्बा दवाखान्यात होते. मी रोज संध्याकाळी घरून डबा घेऊन स्कूटरवर जायचो. त्या दिवशी उशीर झाला होता. फाटकाजवळ स्कूटर उभी केली आणि डबा घेऊन धावत जिना चढलो. मनात हेच की दोन मिनिटांत परत येतो. किल्ली स्कूटरलाच राहिली. वर गेल्यावर डॉक्टर भेटले, औषधांची चिठ्ठी मिळाली, अब्बांना दोन घास भरवले. दोन मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. खाली आलो तर स्कूटर नाही.

अशा वेळी माणूस कसा वागतो, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. मी त्या मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिलो. मग शेजारच्या रांगेत शोधलं. मग रस्त्याच्या पलीकडे शोधलं, जणू स्कूटर कंटाळून स्वतःच फिरायला गेली असावी. डिकीत गाडीची कागदपत्रं होती. घरी हरवेल म्हणून दुसरी किल्लीही मी शहाण्यासारखी डिकीतच ठेवली होती. आणि एक वही होती. तीत बावीस कविता होत्या, ज्यांची दुसरी प्रत नव्हती.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी तक्रार लिहून घेता घेता नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणावर संशय?" फाटकाशी एक पोरगा किटली घेऊन चहा विकायचा. सोळा-सतरा वर्षांचा असेल. मी जिन्याकडे धावताना सहज मागं बघितलं होतं, तेव्हा तो माझ्या स्कूटरकडे टक लावून बघत होता. मी तेवढंच सांगितलं. "तो चहावाला पोरगा गाडीकडे बघत होता." शब्द खोटे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला चौकशीला बोलावलं. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. त्याच्याकडे काही सापडलं नाही, सोडून दिलं. त्यानंतर तो फाटकापाशी दिसेनासा झाला. दवाखान्याच्या दारात चहा विकणाऱ्याला चौकशीला नेलं, एवढी बातमी लोकांना पुरते.

तीन आठवड्यांनी स्कूटर सापडली, शहराबाहेर एका ढाब्यामागं. भलत्याच प्रकरणात पकडलेल्या दोघांनी कबुली दिली होती. त्या दोघांचा आणि त्या पोराचा काहीएक संबंध नव्हता. डिकी रिकामी होती.

मी त्या पोराला शोधत गेलो. बसस्थानकाच्या बाजूला एका हॉटेलात कपबशा विसळत होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "काका, किल्ली लटकत होती म्हणून बघत होतो मी. लक्ष ठेवून होतो. तिसऱ्या मजल्यावरून चहाची ऑर्डर आली म्हणून वर गेलो, तेवढ्यात झालं." आणि मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही किल्ली काढली असती तर बरं झालं असतं."

श्रोतेहो, मी कॉलेजात असताना वसतिगृहात एकाचं घड्याळ हरवलं होतं. सगळ्यांत आधी माझी ट्रंक उघडायला लावली. घड्याळ नंतर त्याच्याच गादीखाली सापडलं. पहिल्यांदा माझीच ट्रंक का, हे कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. माझं नाव पुरेसं होतं. तो दिवस मी तीस वर्षं मनात बाळगून आहे. आणि तरीही माझ्यावर वेळ आली तेव्हा मी बोट दाखवलं ते समोरच्या सगळ्यांत गरीब माणसाकडे. स्कूटर परत मिळाली. पण आपण तसे नाही, असं जे मी स्वतःबद्दल समजत होतो, ते काही परत मिळालं नाही.

म्हणून आज सांगतो ते उपाय गाडी वाचवण्याचे तर आहेतच. शिवाय आपण कुणावर उगाच संशय घेऊ नये, याचेही आहेत.

पहिला उपाय फुकटचा आहे. किल्ली काढा. इतकी साधी गोष्ट सांगायला आकाशवाणी कशाला हवी, असं तुम्ही म्हणाल. पण दूध घ्यायला उतरलेला माणूस, मुलाला शाळेच्या फाटकात सोडणारी आई, एटीएममध्ये शिरलेला तरुण यांच्याकडे एक दिवस लक्ष देऊन बघा. किल्ली लटकलेली दिसेल. "दोन मिनिटांत येतो" हे वाक्य चोराच्या फार उपयोगाचं आहे. किल्ली खिशात पडल्याशिवाय गाडीपासून पाऊल उचलायचं नाही, एवढी सवय अंगी लागली तरी अर्धं काम झालं.

दुसरा उपायही फुकटचा. हँडल लॉक. गाडीबरोबर तो मिळतोच, पण किती जण लावतात? हँडल पूर्ण वळवायचं, किल्ली फिरवायची आणि नंतर हँडल हलवून बघायचं. हलवून बघणं महत्त्वाचं, कारण पुष्कळदा खिट्टी बसलेलीच नसते. जुन्या गाडीचं कुलूप झिजलं की त्याला दुसरी किल्लीही लागू पडते. तसं झालं असेल तर कुलपाचा संच बदलून घ्यावा. गाडीच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नाही.

आता कुणी म्हणेल, चोराला हँडल लॉक तोडायला कितीसा वेळ लागतो? खरं आहे, फार लागत नाही. हाच प्रश्न मी आमच्या मेस्त्रीला विचारला होता. तीस वर्षं दुचाक्या दुरुस्त करणारा माणूस. तो म्हणाला, "भाईजान, तोडता येत नाही असं कुलूप जगात नाही. पण चोराला तुमचीच गाडी पाहिजे असं कुठं आहे? त्याला गाडी पाहिजे. रांगेत वीस उभ्या असतात. तुमच्या गाडीला दोन कुलपं दिसली की तो पुढच्या गाडीकडे सरकतो."

त्याच्या या बोलण्यात सगळं शास्त्र आलं. चोराला दोन गोष्टींची भीती असते, वेळ लागण्याची आणि कुणी बघण्याची. आपण करायचं ते इतकंच की त्याचा वेळ वाढवायचा आणि तो लोकांच्या नजरेत येईल असं करायचं. जुन्या घरांना दाराच्या आतून अडसर असायचा. अडसरानं दार अभेद्य होत नाही, पण ढकलणाऱ्याला आवाज करावा लागतो. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात, त्यानं गुरू जागेला खिळत नाही, पण त्याला लांब पळता येत नाही. गाडीलाही असंच एक लोढणं हवं.

अशा छोट्या अडथळ्यानं किती फरक पडतो, याचा एक दाखला माझ्या वाचनात आला. तो परदेशातला आहे, पण आपल्या उपयोगाचा आहे. पश्चिम जर्मनीत १९७६ साली मोटरसायकल चालवणाऱ्यांना हेल्मेटची सक्ती झाली. १९८० पासून हेल्मेट नसेल तर जागेवर दंड घ्यायला सुरुवात झाली. हेतू डोकी वाचवण्याचा होता. पण झालं असं की मोटरसायकलींच्या चोऱ्या धडाधड उतरल्या. १९८० साली त्या सुमारे दीड लाख होत्या, १९८६ साली साधारण चोपन्न हजारांवर आल्या. कारण सोपं होतं. बहुतेक चोऱ्या संधी दिसली म्हणून होतात. जाता जाता गाडी उचलणाऱ्याच्या हातात हेल्मेट नसतं. चोरलेल्या गाडीवर तो उघड्या डोक्यानं निघाला की पुढच्या चौकातच अडवला जाणार. आणि मोटरसायकल मिळत नाही म्हणून हे चोर तितक्याच संख्येनं मोटारींकडे वळले, असंही घडलं नाही. पुष्कळांनी चोरीचा नादच सोडला.

याच देशानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट केली. नव्या-जुन्या सगळ्या मोटारींना स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं केलं. तिथं चोऱ्या कमी झाल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ते फक्त नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. तिथं नव्या गाड्या वाचल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. यातून दोन गोष्टी शिकायच्या. साध्या कुलपानं काम होतं, ही पहिली. आणि रांगेतल्या सगळ्यांनी कुलूप लावलं तर सगळेच वाचतात, एकट्यानं लावलं तर संकट शेजाऱ्याकडे जातं, ही दुसरी. म्हणून आपल्या वाड्यात, अपार्टमेंटमध्ये, गल्लीत याबद्दल एकमेकांना सांगायला हवं.

तर तिसरा उपाय, दुसरं कुलूप. ज्या दुचाकीला डिस्क ब्रेक आहे, तिच्या डिस्कच्या भोकात बसणारं छोटं कुलूप मिळतं. त्याला आपण 'डिस्क लॉक' म्हणतो. ते भडक रंगाचं घ्यावं, म्हणजे लांबूनच दिसेल. मात्र ते लावलंय हे विसरून गाडी सुरू केली तर आपणच तोंडावर पडतो. म्हणून त्या कुलपापासून हँडलपर्यंत एक रंगीत दोरी बांधून ठेवतात. ती आठवण करून देते. ज्या गाडीला डिस्क नाही, तिला जाड साखळी आणि बऱ्यापैकी कुलूप घ्यावं. साखळी नुसती चाकात अडकवू नका. दोघं जण मिळून गाडी उचलून टेम्पोत टाकू शकतात. साखळी चाकातून, गाडीच्या सांगाड्यातून आणि एखाद्या पक्क्या खांबातून किंवा जिन्याखालच्या लोखंडी गजातून घ्यावी. ती जमिनीवर लोळत असेल तर हातोड्याचे घाव घालायला फरशीचा आधार मिळतो. म्हणून ती ताणून, जमिनीपासून वर ठेवावी. आणि फक्त पुढचं चाक खांबाला बांधलं तर सकाळी खांबाला नुसतं चाक मिळण्याची शक्यता असते, हेही लक्षात असू द्या.

चौथा उपाय, न दिसणारा. जुने लोक रात्री गाडीच्या पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवायचे. चोर गाडी सुरू करायचा आणि थोड्या अंतरावर ती बंद पडायची. चोर बिचारा पेट्रोल संपलं समजून गाडी सोडून जायचा. अनेक नव्या गाड्यांना तो कॉक नसतो. त्या जागी छुपा स्विच बसवता येतो. आमच्याकडचे वायरमन त्याला 'चोर स्विच' म्हणतात. तो बंद असला की किल्ली फिरवूनही गाडी सुरू होत नाही. जुन्या गाडीला तो कोणताही चांगला कारागीर बसवून देईल. नव्या गाडीच्या वायरला मात्र हात लावण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावं, नाहीतर वॉरंटीचा प्रश्न येतो. आणि स्विच कुठं आहे ते गप्पांच्या ओघात कट्ट्यावर सांगू नये. आमच्या एका मित्रानं स्विच बसवल्याच्या आनंदात तो चार जणांना दाखवला होता.

पाचवा उपाय, जागा. बाजार, रेल्वे स्टेशन, दवाखाना, मंगल कार्यालय, जत्रा, सभा. इथं गाड्याही पुष्कळ आणि मालकाला परतायला किती वेळ लागेल याचा अंदाजही सोपा. लग्नाला आत गेलेला माणूस जेवल्याशिवाय बाहेर येत नाही, हे चोरालाही कळतं. आमच्याकडे जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. तिथं जाताना मी अधिकृत पार्किंगमध्येच गाडी लावतो आणि पावती घेतो. त्या पैशांकडे बघून आपण कोपऱ्यातली अंधारी बोळ शोधतो. उजेड, वर्दळ, समोर दुकान आणि जमलं तर कॅमेऱ्याची नजर, अशी जागा धरावी. घराबाहेर गाडी लावत असाल तर ती भिंतीकडे तोंड करून, दुसऱ्या गाडीला खेटून लावा. बाहेर काढायला जेवढी कटकट, तेवढी ती सुरक्षित.

चारचाकीवाल्यांसाठीही तत्त्व हेच. स्टिअरिंगला आडवा बसणारा लोखंडी दांडा किंवा गिअरला लागणारं कुलूप काचेतून दिसतं, आणि दिसणं हेच त्याचं अर्धं काम. आसनावर बॅग, लॅपटॉप, खरेदीची पिशवी ठेवू नये. काच फोडायला ते आमंत्रण असतं. ज्यांची गाडी किल्ली खिशात असतानाच उघडते, त्यांनी ती किल्ली रात्री दाराजवळच्या खुंटीला टांगू नये. तिचा संदेश बाहेरून उपकरणानं पकडून गाडीपर्यंत पोचवणारे चोर निघाले आहेत. किल्ली घरात आत, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर तो संदेश अडायला मदत होते. डबा एकदा गाडीजवळ नेऊन खात्री करून घ्यावी. डब्यातल्या किल्लीनं गाडी उघडली नाही, तर डबा कामाचा.

गाडी कुठं आहे हे मोबाईलवर दाखवणारं जीपीएस यंत्रही आता मिळतं. चांगलंच आहे. पण ते गाडी गेल्यावर उपयोगी पडतं. कुलूप जाण्याआधी उपयोगी पडतं. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी कुलूप घ्या.

आता नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावूनच मिळते. त्याआधीच्या वाहनांनाही आपल्या राज्यात ती सक्तीची झाली आहे. ही पाटी ॲल्युमिनियमची, तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरनं कोरलेला क्रमांक असतो. ती ज्या खिळ्यानं बसवतात तो एकदा तोडला की पुन्हा लावता येत नाही. त्यामुळं पाटी बदलून गाडी खपवणं अवघड होतं. पुष्कळ जण तिच्याकडे एक भुर्दंड म्हणून बघतात, मीही बघत होतो. पण तीही एक अडसरच आहे.

कागदपत्रं डिकीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या मोबाईलवरच्या सोयींमधली कागदपत्रं आता वैध धरली जातात. इंजिन नंबर आणि चासी नंबर यांचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. आणि दुसरी किल्ली कपाटात ठेवा. ही किल्ली फार मोलाची आहे, ती का ते आता विम्याच्या बोलण्यात येईल.

विम्याबद्दल एक गैरसमज घरोघर आहे. "आमच्या गाडीचा पाच वर्षांचा विमा आहे." सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या चारचाकीला तीन वर्षांचा विमा सक्तीचा झाला, हे खरं. पण तो त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा आहे. त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. चोरीची भरपाई मिळते ती स्वतःच्या गाडीच्या विम्यात, आणि तो पुष्कळ वेळा पहिल्या एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी आपण तो भरत नाही आणि पाच वर्षांच्या भरवशावर निर्धास्त झोपतो. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून एवढं जरूर बघा. भरपाईसुद्धा नव्या गाडीच्या किमतीएवढी नसते. रूढ कोष्टकाप्रमाणे तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या किमतीतून ४० टक्के घसारा वजा होतो. म्हणजे एक लाखाची गाडी साठ हजारांची धरली जाते.

एवढं करूनही गाडी गेली तर? आधी वाहतूक पोलिसांनी उचलून नेली नाही ना, याची चौकशी करा. यात लाज नाही. नो पार्किंगमधून गाडी उचलली गेलेली असते आणि इकडे घरात रडारड सुरू असते. ती तिथं नसेल तर वेळ न घालवता ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाणं गाठा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. मग विमा कंपनीला आणि आर.टी.ओ.ला कळवा. कळवायला उशीर झाला म्हणून कंपनीनं दावा नाकारला, तर एक गोष्ट माहीत असू द्या. पोलिसांत फिर्याद लगेच दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं या कारणावरून दावा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली दिला आहे.

तपास लागला नाही तर पोलीस तसा अहवाल देतात. आपल्याकडे त्याला 'अ' समरी म्हणतात. दाव्याला तो लागतो. आणि त्याच वेळी विमा कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. एकच किल्ली असेल तर "दुसरी कुठं गेली?" इथून प्रश्नांना सुरुवात होते. एक किल्ली गाडीला आणि दुसरी डिकीत, हा माझ्यासारखा शहाणपणा केलेल्या माणसाकडे त्याचं उत्तर नसतं.

आता थोडं कटू बोलतो. चोरलेली गाडी चोर लोणच्यासारखी मुरत ठेवत नाही. तो ती विकतो. विकत कोण घेतं? "कागद नंतर देतो, सध्या स्वस्तात घ्या" असं कुणी म्हणालं की ज्याचे डोळे चमकतात, तो घेतो. कधी सुटे भाग विकले जातात, तेही कुणीतरी स्वस्त म्हणून घेतं. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असून तो घेणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. जुनी गाडी घ्यायची तर आर.सी. वरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. नंबर घासलेले दिसले तर हात जोडून निघून या. आपण गिऱ्हाईक झालो नाही, तर चोराचा धंदा अर्ध्यावर येईल.

माझी दादी अरबस्तानातल्या एका माणसाची गोष्ट सांगायची. तो पैगंबरांकडे आला आणि त्यानं विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, की बांधून ठेवू? त्याला सांगण्यात आलं की आधी बांध आणि मग भरवसा ठेव. दादी तिच्या दखनीत म्हणायची, "पैले उंट बांदो, बाद में अल्ला पे छोडो." लहानपणी मला वाटायचं, ही उंटाची गोष्ट आहे. मोठेपणी वाटलं, ही श्रद्धेची गोष्ट आहे. त्या चहावाल्या पोराला भेटून आल्यावर वाटलं, हिच्यात आणखीही एक माणूस आहे, ज्याचं नाव दादीनं घेतलं नव्हतं. उंट हरवल्यावर ज्याच्या तंबूत आधी शोध घेतला गेला असता, तो शेजारी.

आपण म्हणतो, कुलूप म्हणजे अविश्वास. आमच्या लहानपणी दारं उघडी असायची, असं मोठ्या अभिमानानं सांगतो. पण उघड्या दारातून वस्तू गेली की संशय कुणाकुणावर जायचा, तेही आठवून बघा. घरातली भांडी घासणारी, रखवालदार, कचरा नेणारा, नवा भाडेकरू, नाहीतर आमच्यासारख्या मोहल्ल्यातला कुणीतरी. बंद कुलूप या सगळ्यांना सांभाळतं. मी किल्ली काढून खिशात टाकतो तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या पोरावर अविश्वास दाखवत नाही. उद्या त्याच्यावर आळ घ्यायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढीच काळजी घेतो.

त्या वहीतल्या बावीस कवितांपैकी नऊ मला नंतर आठवल्या, त्या पुन्हा लिहिल्या. तेरा गेल्या. त्यांचं फारसं दुःख नाही, कवी लोक कविता पुन्हा लिहीत असतात. तो पोरगा मात्र त्या फाटकापाशी पुन्हा कधी दिसला नाही. मी दोनदा त्याला म्हटलं होतं, चल, मी स्वतः येतो तुझ्याबरोबर, सगळ्यांना सांगतो. तो हसून मान हलवायचा. पुढं त्यानं ते हॉटेलही सोडलं.

आता हे भाषण संपेल. तुमच्यापैकी कुणाची गाडी खाली, दाराशी, रस्त्यावर उभी असेल. तेवढं उठा, खाली जा आणि हँडल हलवून बघा. डिकी उघडून कागदपत्रं आणि दुसरी किल्ली घरात आणा. दोन मिनिटांचंच काम आहे. जाताना दार मात्र ओढून घ्या.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)